चढावर पडलेले दगड

अनुदानाच्या पाहणीला आलेला अधिकारी बांधाच्या दगडांखाली सापडला. चेहरा ठेचलेला. कवटीला मागून भोक, पहारीचं टोक जाईल एवढं.

फौजदारबाई वाकल्या. दगड बांधाच्या वरच्या अंगाला, चढावर पसरले होते. एक उचलून पाहिला. खाली पुराचा गाळ, वाळून भेगाळलेला.

शेत दोघा भावांचं. धाकट्याला शिपायाने घराशी धरून ठेवलं होतं. कपडे रक्ताने माखलेले, लोकांच्या माराने ओठ फाटलेला.

"बाई, मी दगड बाजूला करत होतो! वाटलं, धुगधुगी असेल."

"खुनी कुठला!" थोरला ओरडला. "न्या याला. फासावर चढवा."

अंगणातल्या दोरीवर एकच सदरा निथळत होता.

"तुमचा भाऊ घरी कधी आला?" बाईंनी थोरल्याला विचारलं.

"आज सकाळी उगवला. पूर उतरला तसा ट्रक घेऊन पसार! अर्ज मी केला, फोटो मी पाठवले."

"फुटलेल्या बांधाचे?"

"मग काय माझ्या लग्नाचे? गेल्या आठवड्यातच पाठवले."

उतरत्या अंगणात बाईंनी चिखल-खड्यांचा इवलासा बांध रचला, लहान मुलाला दाखवावा तसा, आणि वरून बादली ओतली.

"खडे कुठे गेले?"

"खाली," धाकटा म्हणाला.

"आणि तुमच्या बांधाचे दगड?"

तो आठवू लागला. त्याचा चेहरा उतरला. "वर..."

"बांध पुराने फुटला असता तर दगड खालीच वाहून गेले असते. हे वर आहेत, तेही वाळलेल्या गाळावर. म्हणजे पूर ओसरल्यावर कुणीतरी खालून पहार घालून बांध पाडला. सरकारचं तातडीचं अनुदान पुराने फोडलेल्या बांधालाच मिळतं ना! साहेबांनी ही लबाडी ओळखली, आणि पाडणाऱ्याने तीच पहार त्यांच्या डोक्यात घातली. गेल्या आठवड्यात फोटो निघाले तेव्हा धाकटा गावातच नव्हता. रक्ताचे कपडे त्याच्या अंगावरच आहेत. मग आज घाईघाईने धुतलेला तो सदरा कुणाचा?"

थोरल्याने भिंतीआडची पहार उपसली. पहिला घाव शिपायाच्या हातावर बसला. हाड कडकन मोडलं. दुसरा बाईंच्या कानाजवळून गेला. त्यांनी बादली त्याच्या गुडघ्यावर हाणली. तो तोंडावर कोसळला, तरी हात पहारीकडे सरकतच होता. धाकट्याने त्याच्या मनगटावर पाय रोवला.

बेड्या पडल्या. धाकटा धापा टाकत होता.

"दादा, माझं नाव का घेतलंस?"

थोरल्याने तोंडातलं रक्त थुंकलं.

"तू घरी असतोस कधी? गेला असतास तरी कुणाला कळलं असतं?"

धाकट्याने हळूच पाय उचलला. मग दोरीवरचा तो ओला सदरा काढून बाईंच्या हातात दिला.

"दादाचाच आहे," तो म्हणाला. "मीच आणला होता, मागच्या खेपेला."