फीत कापेपर्यंत

मे महिन्यातील त्या सकाळी मी बर्फ आणण्यासाठी शहाद्याच्या बसस्थानकापाशी गेले होते. तिथपासूनच सांगते, कारण पुढचे काही आजवर मला कोणासमोर नीट क्रमाने मांडता आलेले नाही.

मी भूलशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी. जिल्ह्यातील एका धर्मादाय हृदयरुग्णालयात काही महिन्यांसाठी माझी नेमणूक झाली होती. रुग्णालयाचे नाव घेत नाही. तेथील फ्रीजमध्ये बर्फ होता, परंतु तो संध्याकाळच्या पाहुण्यांच्या सरबतासाठी राखून ठेवलेला होता. म्हणून मला बाहेर जावे लागले. बर्फवाला उखा लादीवरचा भुसा झटकत म्हणाला, "डाक्तरताई, इतला बरफ कसाले? कोनं लगीन शे?" रक्तासाठी हवा आहे, असे सांगताच त्याने मोठा तुकडा तोडून दिला.

रक्ताला बर्फ का लागतो, तेही सांगायला हवे. धमनीतून काढलेले रक्त सिरिंजमध्येही काही काळ जिवंत असते. त्यातील पेशी प्राणवायू वापरत राहतात, आम्ल तयार करत राहतात. शरीर मागे सुटले आहे, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणून नमुना बर्फात ठेवून लगेच तपासायचा असतो. उशीर झाला, तर आकडे रुग्णाचे राहत नाहीत.

नमुना दगूबाईंचा होता. सारंगखेड्याच्या, साठी उलटलेल्या. त्यांच्या हृदयाची झडप बदलून दोन दिवस झाले होते. आदल्या संध्याकाळी त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि सुनेने आणलेली कढी पातळ झाली म्हणून कुरकुरल्याही होत्या. त्या सकाळी मात्र त्यांचा श्वास बदलला. खोल, सलग, न थांबणारा. मॉनिटरच्या पडद्यावर प्राणवायूचे प्रमाण उत्तम दिसत होते. त्यांचा मुलगा नवनीत, जो शाळेत शिक्षक आहे, समाधानाने म्हणाला की माय आज मोकळा श्वास घेते आहे. मला तसे वाटले नाही. हृदय पुरेसे रक्त पुढे ढकलत नसेल, तर शरीरात आम्ल साचते आणि शरीर ते श्वासावाटे बाहेर टाकू पाहते. तो श्वास आरामाचा नसतो. बुडत्या होडीतून पाणी उपसावे, तसा तो उपसा असतो.

शस्त्रक्रिया करणारे सर सुरतला होते. फोनवर त्यांनी बजावले की अंदाजाने औषध देऊ नको, उलटे पडेल. आधी आम्लाचा आकडा सांग, मग काय ते ठरवू. त्यांचे म्हणणे योग्यच होते.

आकडा सांगणारे यंत्र आमच्याकडे होते. अतिदक्षता विभागाला लागून असलेल्या खोलीत. कंपनीचा माणूस ते जोडून, तपासून गेला होता. त्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले होते आणि भोवती लाल रेशमी फीत बांधली होती. संध्याकाळी एका सन्माननीय पाहुण्यांच्या हस्ते ती कापली जाणार होती. तोवर खोलीला कुलूप, आणि किल्ली व्यवस्थापक चंदनभाऊंच्या खिशात.

मी त्यांना उद्घाटनासाठी पुढच्या दारी घातलेल्या मांडवात गाठले. रुग्ण कोण, श्वास कसा, हे सारे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"यामिनी मॅडम," ते म्हणाले, "वापरलेल्या यंत्राचं उद्घाटन कसं करायचं? उष्ट्याचा नैवेद्य दाखवतं का कोणी?"

नमुना नंदुरबारला पाठवा, आकिब रिकामाच बसला आहे, असे सुचवून ते पाहुण्यांना आणायला निघूनही गेले. किल्ली त्यांच्यासोबत गेली. मी बसस्थानकापासून बर्फ आणताच रुग्णवाहिकेचा चालक आकिब सिरिंज थर्मासमधल्या बर्फात खोचून तत्काळ निघाला. त्याच्याकडून काही कमी झाले नाही, हे मी आवर्जून नोंदवते.

दुपारी वीज गेली. जनित्रावर फक्त उपकरणे चालली. पंखे थांबले, खिडक्यांवरचे जाड पडदे तसेच राहिले आणि भर दुपारी विभागात संध्याकाळ झाल्यासारखे वाटू लागले. फिनेलचा, तापलेल्या रबराचा वास साचला. त्या अंधारात एकच आवाज उरला, दगूबाईंच्या श्वासाचा. पलीकडच्या खाटांवरची माणसेही नकळत त्या लयीत श्वास घेऊ लागली होती. मी शेजारच्या खोलीच्या दाराला खांदा लावून पाहिला. दार लोखंडी होते.

परत आले, तेव्हा दगूबाईंनी माझे मनगट धरले. हात बर्फासारखा गार होता.

"ताई… मन्हं आंग आंबी ऱ्हायनं…"

पीठ आंबते, तसे अंग आंबते आहे. आम्लाविषयी त्यांच्याशी मी एक शब्दही बोलले नव्हते.

त्यानंतर थोड्याच वेळात त्या गेल्या. करण्यासारखे होते ते सर्व आम्ही केले. मृत्यूची तपासणी मी स्वतः केली, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. बाहुल्या विस्फारलेल्या होत्या, पडद्यावर सरळ रेषा होती. याबद्दल मला तेव्हा शंका नव्हती. हे लक्षात ठेवा.

चंदनभाऊंचा फोनवरून निरोप आला की मृतदेह मागच्या दाराने न्यावा, पुढे मांडव आहे.  गाडीत बसताना नवनीतने फक्त एवढेच विचारले, "ताई, मन्ही मायले काय व्हयनं? ती ते बरी व्हती." आकडा आला की सांगते, असा शब्द मी त्याला दिला.

आकिब परतला तेव्हा मांडवात सनई वाजत होती. नंदुरबारच्या प्रयोगशाळेतही वीज नव्हती. तो तिथे दुपारभर थांबला होता. थर्मासमधल्या बर्फाचे कोमट पाणी झाले होते. "मॅडम, आता हे फेकू का?" त्याने खालच्या आवाजात विचारले. मी सिरिंज मागून घेतली.

फीत कापली गेली. नारळ फुटला. पाहुण्यांनी यंत्र चालवून दाखवायला सांगितले आणि चंदनभाऊंनी मला हाताने खूण केली. माझ्याजवळ एकच नमुना होता. तो मी यंत्राला दिला. इतका वेळ कोमट पाण्यात राहिलेले रक्त आंबूनच निघणार होते. दगूबाईंच्या आम्लावर सिरिंजमधल्या आम्लाची भर पडलेली असणार, याविषयी शास्त्रात दुमत नाही.

पडद्यावर आकडा आला. ७.४. आम्ल आणि अल्क यांचा निर्दोष तोल. प्राणवायू भरपूर. एखाद्या धडधाकट तरुणीचे असावे, तसे रक्त.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नमुना पुन्हा दिला. तोच आकडा.

चंदनभाऊ माझ्या कानाशी वाकले. "म्हणजे बाई ठणठणीत होती. आकडा तुम्हालाच हवा होता ना, मॅडम? आता घरच्यांना तोच सांगा."

त्या क्षणी आधी संताप आला, भीती नंतर. या माणसाने एका फितीसाठी एका बाईला गुदमरू दिले, आणि तिचेच रक्त त्याच्या बाजूने साक्ष देत होते. मी तोंड उघडण्यापूर्वीच सारे छायाचित्रासाठी मांडवाकडे वळले. खोलीत मी एकटी राहिले.

धमनीत सुई अचूक गेली, तर सिरिंजचा दट्ट्या ओढावा लागत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी रक्तच त्याला ढकलत मागे सारते. हे मला विद्यार्थीदशेपासून ठाऊक आहे. टेबलावर दगूबाईंची सिरिंज आडवी पडली होती. तोंडाला टोपण घट्ट बसवलेले. दोनदा रक्त वापरूनही ती आधीपेक्षा अधिक भरलेली होती. दट्ट्या किंचित सरकला… थांबला… पुन्हा सरकला. मी तिला बोट लावले. ती उबदार होती. माझी नाडी तिच्याशी ताडून पाहिली. लय माझी नव्हती.

फोन वाजला. नवनीत तापीकाठच्या स्मशानातून बोलत होता. मागे माणसांची कुजबुज होती.

"ताई, आकडा वना का?"

"नवनीतभाऊ… थांबा. अग्नी देऊ नका… थोडा वेळ थांबा."

फोनमध्ये लाकडे तडकल्याचा आवाज येऊ लागला.

"आतेच दिधा, ताई… कसाले थांबू?"

मांडवातून चंदनभाऊ मला छायाचित्रासाठी हाका मारत होते. माझी नजर टेबलावरून हलत नव्हती. दट्ट्या आता ठोक्याठोक्याला, पूर्वीपेक्षा कितीतरी वेगाने सरकत होता.