बॉबिनवरचा आळ

सकाळचा पहिला चहा अजून ओठाला लागायचा होता, तोच मीटरकाकांचं दार वाजलं. वाजलं म्हणजे बिजागऱ्या हलल्या.

दारात शेजारच्या गल्लीतला शिंपी उभा. गळ्यात टेप, कानामागे खडू, पायांत दोन जोड्यांमधली एकेक चप्पल.

"काका, चार वाजता पिंजरा येतोय. बॉबिनला नेणार."

"काय केलं त्यानं?"

"शेजारच्या मावशींची कोंबडी मारली म्हणे. तिसरी. आणि ही तर आमच्याच अंगणात सापडली."

काकांनी कप खाली ठेवला. पिंजऱ्यातून गेलेला कुत्रा परत आलेला वस्तीत कुणी पाहिला नव्हता.

काकांनी पस्तीस वर्षं विजेचे मीटर वाचले होते. मीटर नेहमी परसात, आणि परसात नेहमी कुत्रं. त्यांच्या पोटऱ्यांवर इतके दात उमटले होते, की सुई टोचायची झाली तर दवाखान्यात जागा शोधायला दोघं लागत. पोटरीवर हात फिरवून ते सांगत, हा पिवळ्या घरातल्या कुत्रीचा उजवा सुळा, हा पिठाच्या गिरणीवाल्याचा. वस्तीत कुत्र्याचा विषय निघाला की लोक आधी काकांकडे येत आणि मग दवाखान्यात जात.

बॉबिनची खूण मात्र त्या पोटऱ्यांवर नव्हती.

शिंप्याच्या बायकोला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिचे कान म्हणजे बॉबिन. दार वाजलं की तो तिचा पदर ओढी. दूध उतू गेलं, बादली भरून वाहिली, की पदर ओढी आणि आवाजाच्या जागी नेऊन उभी करी. मागं एकदा इस्त्री विसरून ती झोपली, तेव्हा त्यानं पदर ओढून ओढून फाडला होता. शिंप्यानं तो शिवला नाही, तसाच जपून ठेवला.

"तो गेला तर मी दुकानात बसू कसा, काका? घरात काय जळतंय, कोण शिरलंय, तिला कोण सांगणार?"

काकांनी दोन वेगवेगळ्या चपलांकडे पाहिलं आणि काठी उचलली.

* * *

कोंबडी शिंप्याच्या अंगणात, दोन्ही घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीच्या आतल्या बाजूला पडली होती. भोवती तांबूस पिसांचा सडा. लोक येऊन बघून, मान हलवून गेले होते.

काका गुडघ्यांवर बसले. गुडघे कुरकुरले, त्यांना दटावून ते कामाला लागले.

मान पुरती पाठीकडं वळलेली होती. त्यांनी काठीच्या टोकानं पिसं बाजूला सारली. रक्त नाही. दाताचं भोक नाही. पिसं कोरडी, कुठं लाळेनं चिकटलेली नाहीत. शेपटी जशीच्या तशी. भोवती एवढा सडा, आणि अंगावर एकही उघडी जागा नाही.

सड्यातलं एक पीस त्यांनी उचललं. देठ स्वच्छ, वाळलेला. त्याला लाकडाचा बारीक भुसा चिकटलेला. दुसऱ्याला तेच. तिसऱ्यालाही.

"बॉबिन पहाटे कुठं होता?"

"आत. हिच्या पायाशी. दाराला कडी होती. पण मालकाची साक्ष कोण धरतंय? आणि मागच्या महिन्यात त्यानं खरंच उडी मारलेली ना. मावशींच्या कोंबडीची शेपूट तोंडात घेऊन आला होता. मी पाया पडलो त्यांच्या."

"त्यानंतर?"

"त्यानंतर मावशींनी किल्लाच बांधला."

भिंतीपलीकडं किल्ला दिसत होता. जाळी हातभर जमिनीत पुरलेली, बुडाशी दगड, वर काटेरी फांद्या, त्यांवर रिकामे डबे टांगलेले. मांजर शिरलं तरी वाजतील.

"डबे वाजले?"

"मला नाही ऐकू आले. कुणालाच नाही. बायकोचं तर सोडाच." शिंपी कसनुसा हसला. "परवा दुसरी मेली तेव्हा मीच मावशींना म्हटलं, आपण जनावरांच्या डॉक्टरला मान दाखवू. दात माझ्या कुत्र्याचे आहेत की नाही, एकदाचं कळेल. त्या काही बोलल्या नाहीत. आणि आज ही इथं."

तेवढ्यात त्याची बायको आतून एक पांढरं कापड घेऊन आली आणि नवऱ्यासमोर धरून बोटानं दाखवू लागली.

"हे अजून एक," शिंपी म्हणाला. "नवं सुती कापड बेतण्याआधी मी भिजवतो, म्हणजे आटायचं ते आधीच आटतं. काल संध्याकाळी भिंतीशी खाली पसरलं होतं. गिऱ्हाइकाचं आहे. आज बघतो तर गंजासारखा डाग. भिंतीला लोखंड नाही, काही नाही. दिवस फिरले की सगळंच फिरतं."

काकांनी कापड उन्हात धरलं. तपकिरी डाग, तळहाताएवढा, एका बाजूनं गोल.

त्यांनी कापडाची घडी केली आणि काखेत मारली.

* * *

अंडेवाल्या मावशींचं दार अर्धवट उघडं होतं. नवरा गेल्यापासून मावशी आणि अठरा कोंबड्या, एवढाच संसार. कोंबड्यांना त्यांनी सासरची नाती वाटून दिली होती. थोरली नणंद, मधली नणंद, धाकटी, आत्तेसासू. हयातीत ज्यांच्यापुढं तोंड उघडता आलं नाही, त्यांना आता रोज सकाळी शिव्या देत दाणे टाकत.

आज शिव्या ऐकू येत नव्हत्या.

"या भाऊ. शिंप्यानं पाठवलं ना?"

"मीच आलो. आज कोण गेली?"

"थोरली." मावशींचे डोळे सुजले होते. ते रडणं खोटं नव्हतं, काकांना लगेच कळलं, आणि म्हणूनच ते गोंधळले.

"आवाज ऐकलात?"

"नाही."

"डबे?"

"झोप लागली होती."

"कुत्रा शिरला तर अठरा कोंबड्या गल्ली डोक्यावर घेतात, मावशी."

"आता अठरा कुठल्या."

खुराड्याच्या दाराशी एक घमेलं होतं, जांभळ्या पाण्यानं भरलेलं. शेजारी चपलांचे दोन जोड. एक बाहेरचा, एक आतला.

"हे कशाला?"

"पायाला चिखल लागतो."

"पाऊस तर नाही."

मावशींनी पदर खोचला. "तुम्ही कुत्र्याची वकिली करायला आलात की माझ्या पायांची?"

काका खुराड्याकडं वळले, तशा मावशी मधे आल्या. "आत नको. बिथरल्यात त्या."

"बरं. इथूनच बघतो." काकांनी भिंतीकडं तोंड करून शीळ घातली. शिंप्यानं बॉबिनला दोरीनं धरून भिंतीपर्यंत आणलं. बॉबिननं पुढचे पांढरे पाय भिंतीवर टेकवले आणि एकदा भुंकला.

कोंबड्या हलल्या नाहीत.

दहा-बारा जणी पिसं फुगवून, डोळे मिटून तशाच बसून राहिल्या. एक उठली आणि स्वतःभोवती गोल फिरू लागली, गोल आणि गोल, जणू चावी दिली आहे. खालच्या भुशावर हिरवट शिंतोडे होते.

काकांना उत्तर मिळालं होतं, आणि ते मिळालं नसतं तर बरं, असं वाटत होतं.

"मावशी," ते हळू आवाजात म्हणाले, "पिंजरेवाले साहेब येण्याआधी तुम्हीच सांगा. तुमच्या तोंडून आलं तर बरं."

मावशींनी दार लावून घेतलं. आतून कडीचा आवाज आला.

* * *

बरोबर चारला गाडी आली. जनावर खात्याचे निरीक्षक उतरले. वस्तीत त्यांना पिंजरेवाले साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या हातातला फास पाहूनच शिंप्याच्या बायकोनं बॉबिनला कवटाळलं आणि भिंतीशी बसली. तिच्या तोंडून कसलाच आवाज येत नव्हता. ते बघवत नव्हतं.

"साहेब, पाच मिनिटं," काका म्हणाले. "मग कुणाला न्यायचं ते तुम्ही ठरवा."

"काका, तक्रार लेखी आहे. तीन कोंबड्या."

"तिन्ही मेल्या, खरं आहे. मारल्या कुणी, ते खरं नाही." काकांनी कोंबडीवरचं टोपलं उचललं. "ही बघा. कुत्रं कोंबडी धरतं ते दातांनी, आणि झटकतं. मला झटकलंय, मला ठाऊक आहे. इथं एक दात दाखवा."

साहेबांनी वाकून पाहिलं. दिसला नाही.

"आता ही पिसं. हिच्या अंगावरचं एकही गेलेलं नाही, मग सडा कुठला? ही झडलेली पिसं आहेत. देठ वाळलेले, त्यांना भुसा. खुराडं झाडून, सुपात भरून आणून टाकलेली."

"कुणी?"

काकांनी काखेतलं कापड उलगडलं. "जांभळं औषधी पाणी ओलं असताना जांभळं, वाळलं की गंजासारखं तपकिरी. हा गंज नाही, साहेब. टाच आहे. काल रात्रभर हे कापड भिंतीच्या आतल्या बाजूला पसरलेलं होतं. पहाटे कुणीतरी त्या पाण्यात पाय बुडवून अनवाणी भिंत ओलांडली. कापड पडलंय हे अंधारात दिसलं नाही. आणि शिंपी बेतण्याआधी कापड भिजवतो, हे भिंतीपलीकडच्या माणसाला ठाऊक असायचं कारण नाही."

मावशी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी पाय लुगड्याखाली ओढून घेतले. टाचा तपकिरी होत्या.

शिंपी हबकला. "मावशी? तुम्हीच मारल्या? तुमच्याच?"

"मावशींनी एकही मारली नाही," काका म्हणाले. "जगवायला धडपडल्या. मान कुणी मुरगळली नाही, मान आजारानं वळली. मानमोडीची साथ आहे ही. गोल फिरतात, हिरवं हगतात, कुत्रं भुंकलं तरी हलत नाहीत. चपलांचे दोन जोड, पायाला औषध, म्हणजे मावशींना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"वडिलांच्या गेल्या होत्या अशाच," मावशी बोलल्या. आवाज सपाट होता. "मी सात वर्षांची. एका कोंबडीची मान वळली आणि खात्यानं गल्लीतल्या सगळ्या पोत्यात भरून नेल्या. पहिली मेली तेव्हा सहज तोंडातून गेलं, कुत्र्यानं मारली. सगळ्यांनी लगेच मानलं. मग हा म्हणाला डॉक्टर आणू." त्यांनी शिंप्याकडं पाहिलं नाही. "कुत्र्यानं मारलेल्या कोंबडीला कोण डॉक्टर आणतं? मला फक्त आठ दिवस हवे होते. वाटलं, आठ दिवसांत उरलेल्या सावरतील."

"आणि गल्लीत अजून चार घरी कोंबड्या आहेत," साहेब म्हणाले.

"ते पण ठाऊक होतं."

साहेबांनी फास गाडीत टाकला, हातमोजे चढवले आणि खुराड्याकडं गेले. बऱ्याच वेळानं बाहेर आले. "सगळ्या न्याव्या लागतील. चौदा आहेत. आणि तीन मेल्या. एवढ्याच ना?"

मावशींनी दाराची चौकट धरली. मग म्हणाल्या, "एवढ्याच."

तेव्हाच स्वयंपाकघरातून आवाज आला. कॉक, कॉक, कॉक, कॉकॉक. नुकतंच अंडं घातलेली कोंबडी जशी साऱ्या गावाला सांगते, तसा.

कुणी हललं नाही. शिंप्यानं चपलांकडं पाहिलं. काकांनी आभाळाकडं. साहेब वहीत काहीतरी लिहू लागले आणि लिहीतच राहिले. वाटलं, हा आवाज सगळे मिळून गिळून टाकतील.

पण एकीला तो ऐकू आला नव्हता, आणि तिला आवाज दाखवणं हे एकाचं काम होतं. बॉबिननं शिंप्याच्या बायकोच्या मिठीतून मान सोडवली, तिचा पदर दातांत धरला आणि तिला ओढत फाटकातून मावशींच्या दाराशी नेलं. त्यानं आत स्वयंपाकघराकडं तोंड केलं आणि शेपूट हलवत उभा राहिला.

मावशी त्याच्याकडं बघत राहिल्या.

"नको ओढूस रे बाबा," त्या म्हणाल्या. "सांगते मी."

आत जाऊन त्यांनी टोपलीखालून धाकटीला काढलं. डोळे लख्ख, मान सरळ, तुरा लालबुंद. "पहिली मेली त्या दिवशीच हिला वेगळी काढली. अठरावी. लिहा."

साहेबांनी तिला उलटीपालटी करून पाहिलं, डोळ्यांत पाहिलं, चोच उघडून पाहिली. "लक्षण नाही. पंधरा दिवस खात्यात वेगळी ठेवतो. वाचली तर आणून देईन. वचन देत नाही."

बॉबिनसाठी आणलेल्या पिंजऱ्यात धाकटी बसली. फार मोठा होता तो तिला.

पोती भरली गेली. मावशी एकेकीचं नातं पुटपुटत होत्या, आणि आज त्यात एकही शिवी नव्हती. गाडी सुरू झाली, तसं त्यांनी जांभळं घमेलं उचलून फाटकात आणून ठेवलं.

"पाय बुडवल्याशिवाय कुणी जायचं नाही," त्या म्हणाल्या. "चार घरं आहेत पुढं."

साहेबांनी बूट बुडवले. काकांनी चपलांसकट पाय घातले. शिंप्यानं दोन्ही वेगवेगळ्या चपला. शेवटी मावशींनी बॉबिनकडं बोट दाखवलं आणि शिंप्याच्या बायकोकडं पाहिलं. ती काही क्षण तशीच उभी राहिली. मग खाली बसली. तिनं त्याला धरलं, आणि मावशींनी त्याचा एकेक पांढरा पाय पाण्यात बुडवून, चोळून काढला. बॉबिननं चारही वेळा हात चाटायचा प्रयत्न केला.

पुढं महिनाभर बॉबिनचे पाय गंजल्यासारखे तपकिरी होते. मावशींचे हातही.