फुल्ल रेंज

फोन कुठला घेऊ, एवढंच रणधीरनं विचारलं होतं. सोमवारी तो बालाघाटाच्या पठारावर पवनचक्क्यांच्या नोकरीला रुजू होणार होता आणि तिथं म्हणे कोसभर चाललं तरी रेंज नाही. माकणीत गुरुसिद्धप्पांच्या ओट्यावर जेवणं उरकून चार पोरं बसली होती. लाईट गेलेली. धरणाकडून गार वारा येत होता. कुणी बॅटरीचं सांगत होता, कुणी कंपन्यांची नावं घेत होता. गुरुसिद्धप्पा, म्हणजे सगळ्यांचे आप्पा, तंबाखू मळत ऐकत होते.

"आमच्या श्रीदेवीनं बी लई बघून घेतला होता फोन," ते म्हणाले. "माझ्या थोरल्या भावाची लेक. लोहाऱ्याला असती आता. खोटं वाटलं तर जाऊन इचारा तिला. पर दिवसा इचारा."

पोरं सरकून बसली.

श्रीदेवी बी.ए. झालेली, आणि काळजी करण्यात तिचं एम.ए. झालंय, असं तिचा नवरा विरेश चारचौघांत सांगायचा. ती हसायची, कारण ते खरं होतं. विरेश त्याच पठारावर सतरा नंबरच्या पवनचक्कीचा राखणदार. चक्कीच्या पायथ्याशी पत्र्याची एक खोली, त्यात ही दोघं आणि आठ महिन्यांची शिवरंजनी. गाव डोंगराखाली. विरेशच्या मोठ्या टचच्या फोनवर खोलीत एक काडी उमटायची नाही. तो रात्रपाळीला लांबच्या सबस्टेशनवर गेला, की श्रीदेवी पोरीच्या छातीवर हात ठेवून जागी. दिवसा तिला स्वतःचंच हसू यायचं. पण रात्री पोरीला काही झालं, तर हाक मारायची कुणाला?

म्हणून तिनं फोन शोधायला घेतला. माहेरी होती तेवढ्या दिवसांत नेटवर लोकांचे अभिप्राय वाचून काढले. पाच-पाच चांदण्या देणाऱ्यांत एकही माणूस डोंगरात राहणारा दिसेना. जास्त वाचलं तसं जास्तच कळेना झालं. विरेश म्हणाला, "मला पसंत करायला एक दुपार पुरली तुला. फोनला पंधरवडा लागतोय."

"फोन बिघडला तर रात्री कोण उठवायचं?" ती म्हणाली. "तुमी बिघडला तर आई हाय."

शेवटी नळदुर्गच्या एका दुकानात तिनं सगळी चौकशी दुकानदाराच्या डोक्यावर ओतली. बॅटरी किती दिवस, पडला तर फुटतो का, पावसात चालतो का, डोंगरात लागतो का. तो बिचारा वैतागला. खालच्या खणातून त्यानं एक बटनाचा फोन काढला. जुना, जाडजूड. गठ्ठ्यात आलेला, कुणाचा ते त्याला ठाऊक नव्हतं. पण असले जुने फोन रेंज सोडत नाहीत, म्हणाला. श्रीदेवीनं तिथूनच आईला फोन लावून पाहिला. आवाज स्वच्छ.

पठारावर आणून तिनं तो खोलीतल्या खिळ्याला अडकवला. विरेशच्या फोनवर फुली. हिच्या फोनवर सगळ्या काड्या. फुल्ल रेंज. विरेशनं दोन्ही फोन शेजारी धरून पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा आपली निवड बरोबर आली, या आनंदात तिनं तो फोन जपून ठेवला. बॅलन्स उगाच जाऊ नये म्हणून पठारावरून एकदाही लावून पाहिला नाही.

"काड्या बघितल्या," आप्पा म्हणाले, "पर त्या कुठनं येत्यात, ते कुणी बघितलं न्हाय."

त्यांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि आवाज जरा खाली आणला.

मागल्या येळवशीची रात्र. म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. दिवसभर खाली एका ओळखीच्यांच्या शेतात जेवणं झाली, भज्जी-आंबिल झाली. पोर वाऱ्यात खेळली. श्रीदेवी दोनदा म्हणाली, टोपडं घाला, आणि दोन्ही वेळा बायका हसल्या, म्हणून तिसऱ्यांदा म्हणाली नाही. ड्यूटीवरचा जोडीदार सणाला गेल्यामुळं विरेशला संध्याकाळीच सबस्टेशनवर जावं लागलं. मोटरसायकल घेऊन गेला. शेतातली माणसंही गावात परतली. पठारावर उरल्या मायलेकी आणि वर फिरणारी पाती.

भप... भप... भप...

साडेअकराच्या सुमाराला पोरीचं अंग तव्यासारखं तापलं. श्रीदेवीनं औषध पाजलं, ते ओकून पडलं. मग एकदम पोरीचे डोळे वर गेले. हातपाय ताठले.

श्रीदेवीनं खिळ्यावरचा फोन ओढला. बल्बचा उजेड मंद. एक, शून्य, आठ. बाकीची बटनं नव्यासारखी होती. नेमके हे तीनच आकडे झिजून कोरे झाले होते.

तिला ते तेव्हाच दिसलं. पण विचार करायला वेळ कुठं होता?

पहिल्याच रिंगला कुणीतरी उचलला. बाईचा आवाज. शांत.

"बोला."

"लेकराला लई ताप हाय ओ. डोळं फिरवलंत..."

"घाबरू नका. कुशीवर निजवा. कपडे ढिले करा. तोंडात काही घालू नका."

श्रीदेवीनं तसंच केलं. थोड्या वेळानं पोरीचे हात सैल पडले. श्वास चालू होता. श्रीदेवीला रडूच आलं. पलीकडची बाई थांबली. घाई नाही, त्रागा नाही. रडणं ओसरल्यावर तिनं विचारलं,

"घरात कोण हाय?"

"मी एकलीच."

मग,

"बरं. गाडी निघालीय. कडी काढून ठेवा."

पोरीला खांद्यावर घेऊन श्रीदेवी दाराशी गेली. कडीला हात घातला. लोखंड गारठलेलं.

"काढली?"

"काढतीय."

"लेकराला उंबऱ्याभायेर ठेवा. गार वाऱ्यानं ताप उतरतो. तुमी आत बसा. दार लावून घ्या."

हात कडीवरच थांबला. आपल्याला सवयच आहे वाईट तेवढं बघायची, तिनं स्वतःला समजावलं. डॉक्टरच्या माणसांना जास्त कळतं. सगळे सांगतात, तू उगाच घाबरतेस. आताही उगाचच...

पण जिभेवर काहीतरी अडकलं होतं. नुसतं घोळत होतं.

पत्ता.

फोन घेतला त्या दिवसापासून तिनं तो पाठ केला होता. स्वयंपाक करताना, धुणं धुताना. सतरा नंबरची पवनचक्की, टाकीवरून डावीकडं, पत्र्याची खोली. घाबरून तोंडातून निघालं नाही तर, म्हणून. तो अजून तोंडातच होता.

"बाई," ती म्हणाली. "तुमी... पत्ता न्हाय इचारला."

पलीकडं शांतता. त्या शांततेत तिला पहिल्यांदाच ऐकू आलं. फोनमध्ये.

भप... भप... भप...

डोक्यावरही तेच. त्याच लयीत.

"कशाला इचारू?" आवाज म्हणाला. "दिसतीय की तुमची लाईट."

ओट्यावर कुणीतरी खाकरलं. आप्पा थांबले नाहीत.

श्रीदेवीनं बल्ब मालवला. फोन पिठाच्या डब्यात टाकून झाकण दाबलं. अंधारात दाराला पाठ लावून बसली. पोरीला पदरात धरलं. ओल्या फडक्यानं पुसत राहिली. कपाळ, मान, काखा. डब्यात फोन वाजू लागला. वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

मग बंद.

मग दाराबाहेर... अगदी पाठीशी... पत्र्याच्या पलीकडं.

काहीतरी झटकल्याचा आवाज. हलका. मग काहीतरी जमिनीवर टेकवल्याचा. थांबून पुन्हा. घाई नाही. त्रागा नाही.

कडीवर तिनं दोन्ही पाय टेकवले... नाही, पाय कुठं पोचणार? ते तिला नंतरही नीट सांगता येईना. एवढंच आठवतं, की ती मनात पत्ता म्हणत राहिली. उलटा. सुलटा. जणू तो थांबला तर दार उघडेल.

पहाटे पोरीला घाम फुटला. अंग निवलं. अंगठा तोंडात घालून ती शांत झोपली. तेवढ्यात लांबून मोटरसायकलचा आवाज आला, दारात थांबला.

"श्रीदेवी. उघड."

ती उठली नाही. "पत्ता सांगा," म्हणाली.

"काय?"

"आपल्या खोलीचा पत्ता सांगा. पुरा."

रात्रभर थंडीत बसून आलेला माणूस. आधी चिडला, मग घाबरला, मग शाळेतल्या पोरासारखा त्यानं पत्ता एका दमात म्हणून टाकला. सतरा नंबर, टाकीवरून डावीकडं, पत्र्याची खोली. आणि वर, "आता आत घेतीस का जाऊ?"

तेव्हा तिनं कडी काढली.

"अन् फोन?" रणधीरनं हळूच विचारलं.

"डब्यातच हाय म्हण की अजून. त्याच दिशी खोली सोडली त्यांनी," आप्पा म्हणाले. "तू कुठला बी घे. पर वर गेल्यावर आधी एकदा लावून बघ. आन् उचलणारं पत्ता इचारतंय का, ते ऐक."

मग त्यांनी ओट्याखाली तंबाखू थुंकली. धरणाकडचा वारा पडला होता.

"दार उघडलं," ते म्हणाले, "तर विरेश एक पाय उचलून उभा. आत यीना. म्हणला, हे काय अंथरून ठिवलंस दारात?"

उंबऱ्याबाहेर एक दुपटं होतं. लहान बाळाचं. जुनं, धुऊन मऊ झालेलं. वेखंडाचा वास येत होता. सुरकुती नाही. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी टोकांवर एकेक दगड ठेवला होता.

विरेशनं वाकून हात लावला.

पठारावरचं गवत दवानं थिजलेलं. दगड बर्फासारखे. आणि दुपटं... शेकून ठेवल्यासारखं ऊबदार.