आदोच्या खांबावरचं कबुतर

ट्रासोला उद्या दुपारी फासावर चढवायचं ठरलं होतं, म्हणून आन्सिल्दा आज सकाळीच तायडोच्या तबेल्यात येऊन उभी राहिली.

तायडो हा तिचिनुम शहरातला घोड्यांचा वैद्य. घोडा शिंकला की त्याच्या मालकानं काल काय खाल्लं ते तायडो सांगतो, असं लोक म्हणायचे. आणि लोक जरा कमीच सांगायचे! गाय चोरीला जावो की नवरी पळून जावो, सगळे त्याच्याचकडे. त्याचा जोडीदार मुनिक घोड्याचा पाय धरायचा आणि दर वेळी भलत्याच माणसावर संशय घ्यायचा.

"ट्रासो माझा दूधभाऊ आहे," आन्सिल्दा म्हणाली. कमरेला तिनं लोकर गुंडाळलेली लांब काठी खोचली होती, बोलता बोलता बोटं सूत ओढत होती. "नवरा गेला, आता हाही जाणार. मला दुसरं कुणी नाही."

तिचा नवरा आदो, म्हणजे राजा गारिमुंदचा धाकटा भाऊ. महिन्यापूर्वी तो फ्रँकांशी लढायला पश्चिमेच्या घाटाकडे निघाला. तो आला नाही, त्याचा भालेकरी ट्रासो तेवढा परत आला. राजानं जाहीर केलं, की आदो घाटात पडला आणि ट्रासो धन्याला टाकून पळाला.

"ट्रासो काय म्हणतो?"

"धनी घाटापर्यंत पोचलेच नाहीत म्हणतो. पण राजापुढं त्याचं कोण ऐकतंय?" मग ती हळूच म्हणाली, "आणि ते कबुतर, तायडोभाऊ."

माणूस दूर कुठं मेला आणि प्रेत हाती लागलं नाही, की त्याच्या घरचे कबरस्तानात खांब रोवायचे. खांबावर लाकडी कबुतर. माणूस जिथं पडला असेल, तिकडं त्याची चोच. आदोचं कबुतर राजानं स्वतः पश्चिमेला तोंड करून बसवलं होतं.

"नऊ दिवस झाले, रोज सकाळी ते दक्षिणेला वळलेलं असतं. राजा रोज संध्याकाळी ते पुन्हा पश्चिमेला करवतो, पहाराही बसवलाय, तरी वळतं. लोक म्हणतात, आदोच येऊन वळवतो."

"मेल्यावरही कामं सुटत नाहीत म्हणायची," तायडो म्हणाला. "मुनिक, टोपी घाल."

ट्रासो कोठडीत गवतावर बसला होता.

"पहिल्याच मुक्कामावर राजाचा माणूस आला," तो म्हणाला. "निरोप असा, की एकट्यानं मागं ये, खासगी बोलायचंय. धनी म्हणाले, तू पुढं हो, येतोच मी. मी घाटात वाट बघून बघून थकलो."

"तो निरोप्या कुठाय?"

"घोड्यावरून पडून मेला."

"त्याच्या त्या तांबड्या घोड्यावरून? अरे, मीच औषध देतो त्याला, तो झोपेत चालतो. त्याच्यावरून पडायचं तर कुणीतरी ढकलायलाच हवं." तायडो उठला. "जेव नीट. उद्या भूक लागेल तुला."

बाहेर आल्यावर मुनिक म्हणाला, "ह्यानंच मारलंय बघ. डोळे चोरतोय."

"रडून सुजलेत रे ते, बैला."

सुतार पोत्तो कुरकुरत शिडी घेऊन कबरस्तानात आला. कबुतर त्या दिवशीही दक्षिणेलाच बघत होतं.

"खुंटीवर घट्ट बसवलंय मी," तो वरून ओरडला. "वाऱ्यानं हलायचं नाही. खालून लांब काठीनं ढकललं तर फिरेल."

"चोचीला काय लटकलंय?"

"लोकर. पिंजलेली, पांढरी."

"मेंढी चढली असेल," मुनिक म्हणाला.

पोत्तो हसत खाली उतरला. "दक्षिणेला आहे काय? पो नदीचं बोरूबन आणि रानडुकरं. राजाशिवाय कुणी जात नाही तिकडं. भाऊ निघाला त्याच दिवशी राजा शिकारीला गेला होता. परतला तर डुक्कर नाही, पण अंगरखा छातीपर्यंत लाल. लागलं पण पळालं, म्हणाला. आमच्या हिनं नंतर त्याच्या आईला, राणीआईला, ओढ्यावर बघितलं. तोच अंगरखा आपटत होती. राजवाड्यात वीस दासी असून!"

पहारेकरी दोघं होते, दोघंही चिडलेले.

"कुणी आलं नाही," थोरला म्हणाला. "माशीसुद्धा नाही."

"डोळा लागला असेल."

"आळीपाळीनं जागतो आम्ही! एकदा तांबडं फुटताना राणीआई येतात तेवढ्याच. लेकाच्या खांबाशी बसतात, रडतात, जातात. तेव्हा आम्ही पाठ करून उभे राहतो. आई रडते ते काय बघत बसायचं? पण माणूस म्हणाल तर कुणी आलं नाही."

वाटेत मुनिकनं तायडोचा दंड धरला. "दादा, लोकर! आन्सिल्दाच्या कमरेला काठी आहे. तीच वळवते!"

"गावातल्या प्रत्येक बाईच्या कमरेला काठी आहे, मुनिक. पण आज पहिल्यांदाच तू बरोबर वस्तू धरलीस."

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटताना तायडो, मुनिक आणि आन्सिल्दा शेजारच्या खांबांआड उभे होते. राणीआई गुंदराडा आली, लहानखुरी, वाकलेली. पहारेकऱ्यांनी पाठ केली. तिनं इकडंतिकडं बघितलं, कमरेची काठी काढली, टाचा उंचावल्या आणि कबुतराला हळूच ढकललं. झोपलेल्या पोराची कूस बदलावी, तसं.

"सासूबाई," आन्सिल्दा पुढं आली. "तुम्ही?"

म्हातारीनं काठी खाली केली. तायडोकडं बघून म्हणाली, "तू इथं आहेस म्हणजे तुला कळलंय. बोल. माझ्या तोंडातून काढू नकोस."

"जो कबुतर वळवतो, त्याला आदो कुठं पडलाय ते ठाऊक आहे," तायडो म्हणाला. "पण मारणारा ते वळवणार नाही, त्याला ते लपवायचंय. मग ज्याला ठाऊक आहे, तो बोलत का नाही? आन्सिल्दाला ठाऊक असतं तर तिनं शहर डोक्यावर घेतलं असतं. ट्रासो कोठडीत आहे. ह्या माणसाला मेलेल्याशी खोटं बोलवत नाही आणि जिवंतांना खरं सांगवत नाही. मेलेला त्याचा आहे आणि मारणाराही त्याचाच. असा माणूस जगात एकच, दोघांची आई."

मुनिकनं टोपी काढली.

"लाल अंगरखा तुम्ही स्वतः धुतला, कारण दासीला दाखवण्यासारखा तो नव्हता. निरोप्याचं तोंड कायमचं बंद झालं. आणि पहारेकऱ्यांनी तुम्हाला मोजलंच नाही."

"माझ्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं त्यानं," राणीआई म्हणाली. "लहानपणी दूध सांडलं की सांगायचा, तसं. आदो माझं राज्य घेईल, म्हणून मारलं, आई."

"मग तुम्ही काय केलंत?" आन्सिल्दानं विचारलं.

"अंगरखा धुतला."

"आज दुपारी मी सभेत उभी राहीन," म्हातारी म्हणाली. "आदो स्वप्नात आला, ट्रासो निर्दोष आहे म्हणाला, असं सांगेन. गारिमुंद माझ्या तोंडाकडं बघेल आणि सोडेल त्याला. पण तुम्ही तिघांनी मरेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उघडलंत तर मी काही बोललेच नाही म्हणेन. मग ट्रासो फासावर जाईल आणि त्याच्यामागून तुम्ही."

"खरं सांगा ना सभेत!" आन्सिल्दा किंचाळली. "आई आहात ना त्याची?"

"दुसऱ्याचीही आहे गं, पोरी."

आन्सिल्दानं तायडोकडं बघितलं. तिनं लोकर मुठीत चुरगाळली.

"ट्रासोला वाचवा," ती म्हणाली.

दुपारी राणीआईनं स्वप्न सांगितलं आणि अख्खी सभा रडली. माणसांनी ढालींवर भाले आपटून होकार दिला. राजानंही डोळे पुसले, आईकडं मात्र बघितलं नाही. पण सूर्य मावळायच्या आत त्याच्या माणसांनी ट्रासोला सरहद्दीपलीकडं घालवलं. आन्सिल्दाला त्याचा हातसुद्धा धरू दिला नाही.

गारिमुंदनं सतरा वर्षं राज्य केलं. रस्ते बांधले, दुष्काळात कोठारं उघडली. न्यायी राजा म्हणून लोक त्याचं नाव घ्यायचे. आणि भावाची विधवा थोरल्या दिराच्याच आसऱ्याला राहायची, हा कायदाच होता. त्यामुळं सतरा वर्षं आन्सिल्दा राजाच्या उजव्या हाताला जेवायला बसली, समोर राणीआई. राजा मांसाचा मऊ तुकडा स्वतः कापून भावजयीच्या ताटात वाढायचा. ती खायची.