न जुळलेली फेरी

नकाशांचं ते संग्रहालय म्हणजे जेमतेम चार खोल्या. एकीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि चौथीतून थेट पुन्हा पहिलीत. मोजणीदारांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी पायांची खोड गेली नव्हती. चालताना ते पावलं मोजत. पहिली फेरी त्यांनी झपाझप मारली, शहाण्णव भरली. बायकोचा गुडघा दुखत होता, म्हणून ती पहिल्या खोलीतल्या बाकावर टेकली होती.

दुसऱ्या फेरीत, तिसऱ्या खोलीतल्या गंजक्या मोजणीसाखळीच्या वर, त्यांना स्वतःचीच सही दिसली. पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका वस्तीचा नकाशा.

मोजणीची फेरी जिथून सुरू केली तिथेच येऊन मिळावी लागते. त्या दिवशी ती मिळाली नव्हती. अकरा पावलांची फट राहिली होती. पुन्हा मोजायला हवं होतं. पण नवी नवरी पाचच्या गाडीने येणार होती, जीव सगळा तिकडे. त्यांनी ती अकरा पावलं घराघरांत वाटून टाकली. कुणाच्या अंगणात वीतभर, कुणाच्या भिंतीत बोटभर. फेरी कागदावर जुळली आणि ते गाडी गाठायला पळाले. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही, बायकोलाही नाही.

आता बाकाशी परत आले, तर पावलं एकशे सात.

बायको दिसली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

"किती वेळ हो! तीनदा हाक मारली मी."

"मला नाही ऐकू आली."

"कान दाखवा कुणाला तरी. काय होतं एवढं आत?"

"माझा एक नकाशा लावलाय," ते बोलून गेले आणि लगेच म्हणाले, "चल, घरी जाऊ."

"वा! जन्मभर नुसत्या गोष्टी ऐकल्या. आज बघतेच. तुम्ही बसा इथे." तिने काठी उचलली.

अडवायचं तर कारण सांगावं लागलं असतं. लाज वाटली. ते बसले.

काठीची टकटक ऐकत ते मोजत राहिले. तिची पावलं आखूड; एकशे तीसच्या आत ती चौथ्या खोलीच्या दारात दिसायला हवी. तिसऱ्या खोलीत टकटक थांबली.

"सही किती कोवळी हो तुमची!" ती आतून हसली.

टकटक पुन्हा सुरू झाली. शंभर. एकशे वीस. एकशे तीस.

आवाज अगदी दारात होता. दारात कुणी नव्हतं.

"अगं?"

"आलेच. दिसताय मला. तिथेच बसा, हलू नका."

एकशे साठ.

दोनशे.

त्याच दारातून संग्रहालयाची राखणदार बाई हातात फडकं घेऊन बाहेर आली.

"आत माझी बायको..."

"आत कुणी नाही काका. चारही खोल्या आत्ताच पुसल्या मी."

टकटक चालूच होती. आता जरा पलीकडून. आणि तिचा आवाज, दमलेला, थोडा चिडलेला:

"अहो, थांबा ना! मला मागे टाकून पुढे पुढे काय चाललाय?"

मोजणीदार बाकाची कड धरून बसले होते. ते जागचे हललेही नव्हते.