अकराशेचं तेराशे

भंगाराच्या दुकानात ओळख होऊन प्रेम जमतं असं कुणी सांगितलं असतं, तर हर्षालीने त्याला आधी हात धुऊन ये म्हटलं असतं. पण झालं तसंच. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती, आत ताडपत्रीखाली जुन्या इंजिनांचा ढीग होता. तिने त्यातला एक क्रँकशाफ्ट, इंजिनातला मुख्य दांडा, ओढला, तर त्याच्या दुसऱ्या टोकाला आधीच एक हात होता.

"हा माझा आहे," हाताचा मालक म्हणाला. मग जरा वरमून, "म्हणजे... होणार आहे."

चष्म्यावर थेंब साचलेले, त्यामुळे आपण कुणाशी बोलतोय हे त्याला बहुधा दिसतही नव्हतं. हर्षालीने गाडी कुठली म्हणून विचारलं. जुनी पद्मिनी, तो म्हणाला. तिला हसू आलं.

"पद्मिनीत हा बसत नाही. मोठ्या इंजिनाचा आहे."

"म्हणून तर पाहिजे."

आता मात्र हर्षालीने आपल्या हातातलं टोक सोडलं नाही. सातपूरला तिच्या वडिलांचं इंजिनकामाचं वर्कशॉप होतं, आणि सिलिंडर मोठे करायचं बोअरिंग मशीन गेली चार वर्षं तीच चालवत होती. असा वेडा रोज भेटत नाही, एवढं तिला कळत होतं.

वेड्याचं नाव मयूर. मूळचा निफाडचा, ओझरच्या विमान कारखान्यात कामाला. पद्मिनी त्याच्या वडिलांची. दरवर्षी सगळे तिच्यातून वणीच्या गडावर जायचे आणि दरवर्षी ती घाटात अर्ध्यावर धापा टाकायची. मग बायकापोरं उतरून चालायची आणि गाडी एकटी वर जायची. आता वडील नव्हते, आईचे गुडघे गेले होते. मयूरने नवी गाडी घेऊन पाहिली, पण आई, वत्सलाबाई, तिच्यात बसून गडावर जायला तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं एकच, जिनं तीस वर्षं मला चालवलं, तिनं एकदा तरी बसवून वर न्यावं.

म्हणून हा बेत होता. ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा सांगाडा, पद्मिनीचा, पण सिलिंडर चार मिलिमीटरने मोठे केलेले. क्रँक या मोठ्या इंजिनाचा, म्हणजे पिस्टनची धाव वाढणार. पिस्टन तिसऱ्याच गाडीचे, जरा बुटके, नाहीतर ते वर जाऊन हेडला, म्हणजे इंजिनाच्या झाकणाला, आपटतील. अकराशे सीसीचं इंजिन तेराशेचं होणार होतं.

"तीन घरची माणसं एका घरात," हर्षाली म्हणाली. "भांडणं होतील."

"तुम्ही मापं नीट घेतलीत तर नाही होणार."

वर्कशॉपला यायचं आमंत्रण तिने नेमकं कधी दिलं, हे तिला नंतरही आठवेना.

अडचण अण्णांची, म्हणजे तिच्या वडिलांची होती. वाल्मीकअण्णांच्या वर्कशॉपात सगळी कामं व्हायची, पण वेगवेगळ्या इंजिनांचे भाग एकत्र करायचं काम ते घेत नसत. वीस वर्षांपूर्वी असं एक इंजिन फुटलं होतं. तेव्हापासून तो विषय निघाला की ते चहा अर्धा टाकून उठायचे. हर्षालीने हट्टच धरला तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं की हे काम तुझं एकटीचं. ते बिघडून परत आलं, तर मशीन विकायचं आणि तू पुण्याला मावशीकडे जाऊन नोकरी बघायची. हर्षाली हो म्हणाली. त्या मशीनवाचून आपला एक दिवसही जाणार नाही हे माहीत असून हो म्हणाली.

मग रविवार सुरू झाले. मयूर सकाळी नऊला यायचा आणि दिवेलागणीला जायचा. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, म्हणून बोलायला जवळ यावं लागायचं. पाऊस थांबला तरी दोघं तेवढ्याच अंतरावर राहायची. सिलिंडरचं माप बघताना त्याच्या चष्म्यावर वाफ धरायची. पहिल्या रविवारी त्याने तो शर्टाला पुसला. दुसऱ्या रविवारी हर्षालीने काही न बोलता तो त्याच्या नाकावरून काढला, ओढणीला पुसला आणि परत बसवला. त्यानंतर मयूरने सलग दोन मापं चुकीची वाचली.

"विमानांचं कसं करता हो तुम्ही?" तिने विचारलं.

"विमानं ओढणी घेत नाहीत."

हर्षाली वळून मशीनकडे बघत राहिली. मशीन बंद होतं.

शेवटी जुळणी झाली आणि एकच परीक्षा उरली. पिस्टन सगळ्यात वर गेला की त्याच्यात आणि हेडमध्ये किती जागा उरते, ती बघायची. त्यासाठी पिस्टनवर मुलांच्या खेळण्यातली चिकणमाती ठेवतात, हेड बसवून इंजिन हाताने फिरवतात, मग हेड काढून दबलेल्या मातीची जाडी मोजतात. त्या दिवशी माती संपली होती आणि पावसात दुकानं बंद होती. मयूर सहज म्हणाला, कणीक नाही का चालणार? हर्षाली जिन्याने वरच्या घरात गेली आणि आईच्या परातीतून मूठभर कणीक घेऊन आली. दोघं इतकी हसली, की अण्णा खिडकीतून डोकावून गेले. कणकेची जाडी दीड मिलिमीटर भरली, म्हणजे जागा भरपूर होती. हर्षालीने माप लिहून खाली सही केली.

इंजिन पहिल्याच फटक्यात चालू झालं. मयूर पद्मिनी घेऊन गेला. जाताना गेटपाशी थांबला, काच खाली केली, काहीतरी म्हणणार असं वाटलं... आणि म्हणाला, "बरं, येतो मग." येण्याचं कारणच आता संपलं होतं. हर्षालीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

पुढच्या रविवारी तो आईला घेऊन गडावर जाणार होता. सकाळी हर्षाली स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होती, मन घाटात. लाटता लाटता तिने सहज लाटीवर अंगठा दाबला. खळगा पडला, आणि तिच्या डोळ्यांदेखत हळूहळू भरून आला.

तिचा हात थांबला. तिने परत दाबला, परत तेच. माती दाबली की तशीच राहते, कणीक फुगून वर येते. हेड काढेपर्यंत ती फुगली होती. आपण मोजलं ते इंजिनातलं अंतर नव्हतंच, फुगलेली कणीक होती. हजारो पोळ्या लाटलेल्या बाईला हे कळू नये, याची तिला भयंकर लाज वाटली.

मयूर फोन उचलेना. अण्णा गॅलरीत पेपर वाचत बसले होते. गप्प राहिलं असतं तर कुणालाच कळलं नसतं. इंजिन आठवडाभर चाललं असतं, मग गेलं असतं, आणि जुन्या भागांच्या माथी खापर फुटलं असतं. मशीनही राहिलं असतं. पण घाटात, भर चढावर ते गेलं तर? आत वत्सलाबाई होत्या. आत तो होता. हर्षालीने हात धुतले आणि अण्णांसमोर जाऊन उभी राहिली.

"अण्णा, माझं माप चुकलंय. गाडी परत आणायला चाललेय."

उत्तर ऐकायला ती थांबलीच नाही.

दिंडोरी, वणी... स्कूटर तिने एवढ्या वेगाने कधी हाकली नव्हती. भुरभुर पावसाने ती चिंब झाली. घाटाच्या पायथ्याला, नांदुरीत एका चहाच्या टपरीशी पद्मिनी उभी दिसली तेव्हा तिने स्कूटर कशीबशी स्टँडवर लावली. बॉनेट उघडं होतं आणि मयूर कान लावून उभा होता.

तिने श्वास न घेता सगळं सांगितलं. कणीक, फुगणं, सही, सगळं. पिस्टन तापला की हेडला लागत असणार, गाडी वर न्यायची नाही, चूक माझी आहे.

"कणीक मीच सुचवली होती," मयूर म्हणाला. "अण्णांना तसंच सांगू."

"माप मी घेतलं. सही माझी आहे."

मयूर खाली बघत म्हणाला, "मंगळवारपासून टिकटिक ऐकू येतेय मला."

"मग फोन का नाही केलात?"

"कामावर जायला-यायलाच गाडी काढायचो, तीही सावकाश. वाटलं, फार काही नसेल. आज दर्शन झालं की उद्या तुमच्याकडे घेऊन यायची. म्हटलं..." तो अडखळला. "म्हटलं, बरं झालं. यायला निमित्त मिळालं."

हर्षालीला रडू आलं आणि रागही आला. "इंजिन फुटलं असतं. आई बसल्यात आत. तुम्हाला माझ्याकडे यायचं होतं, तर नुसतं यायचं होतं, मयूर. मी वाटच बघत होते."

टपरीवाला दूध ओतता ओतता थांबला. मयूरने चष्मा काढला, आणि या वेळी पुसायला तो तिच्याच हातात दिला.

गाडीतून वत्सलाबाईंनी विचारलं, "पोरी, मंग आज पन गाडी नाय चढायची का?"

"नाही आई. पण मी चढवीन तिला. वेळ द्या मला थोडा."

"लय वर्सं दिली, अजून थोडा देते," त्या म्हणाल्या, आणि तिला डोकं पुसायला आपला पदर दिला. मग तिघं जीपने गडावर जाऊन आली.

टोचन लावून दुसऱ्या गाडीने ओढत आणलेली पद्मिनी संध्याकाळी वर्कशॉपात उतरली. अण्णांनी स्वतः हेड उघडलं. चारही पिस्टनच्या काठावर घासल्याची चकचकीत खूण होती. त्यांनी त्या खुणेवरून बोट फिरवलं.

"ते इंजिन फुटलं ना, वीस वर्षांमागं," ते म्हणाले, "माप चुकलंय हे मला चार दिवस आधी कळलं होतं. म्हटलं, चालेल. गप्प बसलो. ड्रायव्हरचा हात गेला त्याच्यात." त्यांनी फडक्याला बोटं पुसली. "मशीन कुठं जात नाही, हर्षाली. ते तुझंच. पिस्टन वरून थोडे तासून घे, दोन रविवारांचं काम आहे."

मयूर पुढे आला, चष्मा सावरत, जरा घाबरतच.

"अण्णा, दोन रविवार झाले तरी मी येत जाईन. गाडीसाठी नाही."

अण्णांनी मुलीकडे पाहिलं. सकाळी उभी राहिली होती तशीच ती त्यांच्यासमोर सरळ उभी राहिली.

"मीच बोलावलंय त्यांना," ती म्हणाली.