सहा टाके

तिकडं नका बसू सर, तिथं वरून ठिबकतं. ह्या खोक्यावर बसा. पंक्चर एकच हाय, बाभळीचा काटा. सोल्युशन सुकंस्तोवर दम धरा.

नवशिक्या पोरांना सायकलवर न्यायला धरणाकडची वाट कशी हाय, असं इचारलं तुमी. वाट चांगली हाय. शिकाऊ माणसाला तसली वाट सेनगाव तालुक्यात दुसरी न्हाई. चढ न्हाई, दगड न्हाई, पडलं तरी मऊ मातीत पडतं माणूस. पाण्याच्या कडंकडंनं जाते, सकाळी बगळे, बदकं, सारं बघायला मिळतं. मला ठावं हाय, कारण ती वाट मीच आखली. म्हंजे, मी आखली असं म्हणतो. आधी ऐकून घ्या, मग उद्या पोरं आणायची का न्हाई ते तुमचं तुमी ठरवा.

दोन हजार एकचं साल. माझी राणी सातवी पास व्हायला आलती अन् आठवीची शाळा होती धरणाच्या बुडीताच्या, म्हंजे पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीच्या, पलीकडच्या गावात. एसटी अठरा किलोमीटर फिरून जायची, तीबी तिच्या मनात आलं तर. माझी बायको कमल एका वाक्यात मोकळी झाली. "जूनपर्यंत पोरीला सायकल आली तर शाळा. न्हाई आली तर घरी बसंल. जीपला लोंबकळत मी न्हाई पाठवणार तिला."

अन् सायकलवाल्या नरसिंगच्या पोरीला सायकल येत नव्हती. हसा, सारं गाव हसायचं. पंक्चर काढायची, चाकाचा आऊट, म्हंजे वाकडेपणा, काढायची, पण सीटवर बसली की दोन्ही पाय जमिनीला टेकवून ठिवायची. पाच वर्षांची असताना सायकलवरनं माझ्याच हातून पडून तिचा हात मोडला होता. ते तिच्या अंगात बसलेलं. माझ्याबी.

बुडीतातून सरळ गेलं तर पलीकडचं गाव पाचच किलोमीटर. त्या साली पूर्णेचं पाणी पार खाली गेलतं, मैलभर जमीन उघडी पडलेली. शिकायला ब्येस. पण एक खोट होती. त्या जमिनीत कुठं वरून पापुद्रा सुकलेला असतो अन् खाली कमरेइतका गाळ. आदल्या साली एक म्हैस गेलती त्यात, शिंगं दिसत होती नुसती. कुठं टणक अन् कुठं पोकळ, ते बघून ठिवल्याबिगर पोरीला नेणार कसा?

म्हणून मार्चमधी एका सकाळी चुन्याची पिशवी घेऊन निघालो. ऊन नुकतं पडलेलं. वाळल्या शेवाळाचा, शिंपल्यांचा वास. एक टिटवी वरडत होती, ती गप झाली अन् मग नुसतं पाणी काठाला चाटल्याचा आवाज. खाली बघतो तर सायकलच्या चाकाची रेघ. ताजी.

सर, मी माणसं चेहऱ्यानं कमी अन् टायरनं जास्त वळखतो. पाच गावांत कोणाचा टायर कुठं झिजलाय, ते चिखलात बघून सांगंन. शिकाऊ माणसाची रेघ नागमोडी जाते, दोन्ही चाकं एकमेकांना कापत राहतात. ही रेघ सुतात होती. जिथं पापुद्रा पोकळ, तिथं बराबर वळसा घेतलेला. जिथं टणक, तिथून सरळ. काठीनं टोचून बघितलं, एकदाबी चुकली नव्हती. मला मोठी गंमत वाटली. कोण असंल एवढा जाणता? मी तिच्या मागं मागं चुना टाकत गेलो.

अर्ध्या वाटंवर उकिडवा बसलो अन् नीट बघितलं. रेघंत दर सात फुटावर एक ठसा उठत होता. आडवे टाके. मोजले. सहा.

ते टाके माझे होते.

त्र्याण्णव साली कोंडीबा दूधवाला आलता माझ्याकडं, मागचा टायर फाटलेला घेऊन. नवा टायर दे म्हणला. नवा होता, ह्याच खिळ्याला टांगलेला. पण त्या दिवशी लग्नाच्या वरातीच्या चार सायकली समोर पडल्या होत्या, मला कटाळा आला. आतून जुन्या टायरचा तुकडा लावला, चांभारी आरीनं सहा टाके घातले अन् म्हणलं, "जा बिनघोर, बराबर चालंल. येताना नवा टाकून देतो." तो म्हणला, "ठिव मग माझ्यासाठी." दोन कॅन लटकवून बुडीताच्या कडंनं गेला. कॅन सापडले. तो न्हाई सापडला, सायकलबी न्हाई. टाके तुटले अन् टायर फुटून तो गाळात गेला, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. तो नवा टायर आठ वर्सं कोणालाच इकला न्हाई मी.

मी रेघ बघितली त्या सकाळी कोंडीबाची बायको पारुबाई तिथंच शेरडं चारत होती. तिला नेऊन रेघ दाखवली. ती लई येळ वाकून बघत राहिली.

"कुणीकडं चाललंय चाक?" तिनं इचारलं.

"पलीकडं."

"अन् परत?"

"परतीची रेघ न्हाई, पारुबाई. म्या सगळीकडं बघितली."

तिनं पदर तोंडाला लावला. "दूध घालायला जाऊन राहिला त्यो… रोज. यायचं तेवढं राहिलंय."

मी भ्यालो का? भ्यालो. पण खरं सांगतो, भ्यायापरीस जास्त खाज होती मला, हे काय हाय ते बघायची. अन् पोरीचा जून जवळ येत होता. त्या रेघंवरनंच मी चुन्याची खूण केली, कडंला दगड रंगवून ठिवले, अन् दुसऱ्या दिवशी राणीला घेऊन गेलो.

जाड टायरची जुनी रेंजर सायकल होती, मीच जुळवलेली. ती पायडल मारायची, मी मागनं कॅरिअर धरून पळायचो. "बाबा, सोडू नका," हे तिचं चालूच. महिना गेला तसाच. मे लागला. माझा दम पुरंना. एका सकाळी तिसऱ्या दगडाला माझ्या छातीत भरून आलं अन् हात सुटला. तिला कळलं न्हाई. ती आपली चालली.

पुढं एक वळण हाय. डावीकडं पाणी, उजवीकडं पोकळ गाळ, मधी चार हात टणक जागा. मी दोनशे पावलं मागं. बघतो तर हँडल लटपटलं अन् सायकल गाळाकडं कलायला लागली. पोरगी गेली, एवढंच डोक्यात आलं. अन् सायकल… अर्ध्यात थांबली, सर. पडता पडता थांबली. कोणीतरी मागं वढल्यावानी सरळ झाली अन् गेली पुढं.

मी पोचलो तर राणी पलीकडच्या काठावर उतरून हसत उभी होती. म्हणली, "बाबा, वळणावर लई घट्ट धरलं तुमी. मी मनातल्या मनात म्हणलं, आता सोडू नका. न्हाई सोडलं."

मला घाम फुटलेला, तिला वाटलं पळून आलो. कॅरिअरवर चार बोटं उठली होती, काळ्या गाळाची, वली. खालून अंगठा. मी शर्टानं पुसलं. परत फिरून वळणावर बघितलं तर राणीच्या नागमोडी रेघंच्या बाजूला, हातभर अंतरावर, दुसरी रेघ होती. गाळाच्या अंगाला. सहा टाके.

घरी येऊन मी नवा टायर खिळ्यावरनं काढला. माझ्या पोरीला धरणाऱ्या माणसाला फाटक्या टायरवर कसं ठिवावं? संध्याकाळच्या आत वळणाजवळच्या बाभळीला टांगून आलो. मोठ्यानं म्हणलो, "कोंडीबा, कटाळा केला मी. माझं चुकलं." एवढंच. रडायला आलं मला तिथं, लाजायचं काय त्यात.

सकाळी टायर नव्हता. चिखलात कोऱ्या टायरची रेघ होती, अन् पहिल्यांदाच तोंड गावाकडं होतं. बंधाऱ्यावर चढली, डांबरी लागली अन् दिसंनाशी झाली. पारुबाईला सांगितलं. ती म्हणली, "मला ठावं हाय."

मग दुकान उघडलं. खिळा मोकळा ठिवला होता मी. त्या खिळ्यावर जुना टायर लटकत होता. माझा, सहा टाक्यांचा. गिऱ्हाईक नवा टाकून घेतं अन् जुना ठिवून जातं, तसा.

उतरवला, धुतला, उजेडात फिरवून बघितला. सर, सहाच्या सहा टाके शाबूत होते. एक दोरा तुटला नव्हता. आतला तुकडा हलला नव्हता. मी टायरांत जिंदगी काढली. तो टायर फुटलेला न्हाई.

आठ वर्सं मी माझ्या हाताला शिव्या घातल्या, त्या उतरल्या. पण दुसरंच डोक्यात बसलं. टायर फुटला न्हाई, वाट त्याच्या पायाखालची, रोज दोन येळा जाणारा माणूस. मग त्या वळणावर कोंडीबाला कशानं नेलं? अन् माझ्या पोरीला त्यानं एवढं घट्ट धरलं, ते कशापासून?

कमल शाळा बंद करा म्हणंल म्हणून मी बोललो न्हाई. राणी तीन वर्सं गेली त्या वाटंनं. धरण भरलंच न्हाई त्या वर्सांत. रोज संध्याकाळी मी तिचं कॅरिअर बघायचो. रोज बोटं असायची. एक दिवस नसती तर मी शाळा थांबवली असती. आता ती नांदेडला नर्सिंग करून राहिली. मधी पाणी आलं, वाट बुडाली. यंदा पुन्हा वर आलीय.

घ्या, झालं तुमचं चाक. उद्या आणा पोरं, सकाळी उन्हाची आणा. वळणावर कोणाला थांबू देऊ नका. मागनं कोणी कॅरिअर धरल्यासारखं वाटलं तर पोरांना म्हणावं, धरू द्या. अन् पलीकडं गेल्यावर एकेकाचं कॅरिअर बघा. सगळ्यांच्या कॅरिअरला बोटं दिसली तरच त्याच वाटंनं परत या.

वर काय बघता? व्हय, तोच टायर. धुवून परत टांगला त्यालाबी आता आठ वर्सं झाली, उन्हाळेबी गेले. अजून ठिबकतोय.